पुंजाजीची डोंगरी केळ

वऱ्हाडातल्या एका गावी पुंजाजी नावाचा भोळा माणूस राहायचा. त्याला जे सांगावं, ते तो तस्संच करायचा. घरात बायको वच्छला आणि दोन लेकरं. वच्छलाचं माहेर वर थंड डोंगरात. तिला करमावं म्हणून तिच्या भावाने, उकंडाने, तिकडचं केळीचं रोप आणून अंगणात लावलं.

"भाऊजी, ही थंडी सोसते, ऊन नाही. दुपारी सावलीत असू द्या."

दुपारी पुंजाजीने केळ उपटून ओसरीत नेली. संध्याकाळी परत लावली. दुसऱ्या दुपारी पुन्हा उपटली. केळीने मान टाकली. वच्छला रडकुंडीला आली.

"अहो, हलवायचं नसतं! जागेवरच वर गोणपाट बांधायचं, बुडाशी पाचोळा टाकून पाणी घालायचं."

"असं होय!"

दोन दिवसांनी भर उन्हात सासूबाई दारात आल्या. पुंजाजीने धावत जाऊन त्यांच्या डोक्यावर गोणपाट बांधलं, पायांशी पाचोळा टाकला आणि घागर ओतली.

"जावई, हे काय?"

"मामी, हलू नका. हललात की मान टाकाल."

वच्छलाने आईला सोडवलं. "अहो, उन्हातून कुणी आलं की घरात घ्यायचं, ताक द्यायचं, पंखा लावायचा!"

"असं होय!"

मग शेजारची शेळी आली. पुंजाजीने तिला घरात घेतलं, ताक दिलं, पंखा लावला. शेळी ताक प्यायली, गार झाली आणि जाताना केळीची दोन पानं खाऊन गेली.

तरी केळ जगली. वच्छला रोज तिच्याशी माहेरच्या गप्पा मारायची. पुढच्या वर्षी चक्क घड आला. केळी बोटाएवढी, पण माहेरची. वच्छला पाटी भरून गावभर वाटायला निघाली. उकंडा कौतुकाने बघायला आला होता. केळीच्या मोठ्या झाडाला आई आणि बुडाशी फुटलेल्या कोंबांना पिलं म्हणतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं असं त्याला वाटलं.

"भाऊजी, घड उतरला, आता आईचं काम संपलं. तिला काढा. पिलं ठेवा. गुडघाभर माती लावा, पाणी तोडू नका." एवढं सांगून तो गेला.

वच्छला परतली तर दारात तिचं गाठोडं बांधलेलं.

"चल, एसटी येईल," पुंजाजी म्हणाला.

"कुठे?"

"माहेरी. तुझं काम संपलं."

वच्छलाने अंगणात पाहिलं. दोन्ही लेकरं गुडघाभर मातीत उभी, डोक्यावर गोणपाट, अंगावरून पाणी निथळतंय. दोघं खिदळत होती.

वच्छला कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

पुंजाजी घाबरला. "अगं, ऊठ ऊठ! ओल्या मातीत बसू नकोस. मुळं धरशील!"