पेवात आधी दिवा

फार पूर्वी नदीकाठी हळदीचं एक गाव होतं. त्या गावात माणसांची घरं जमिनीवर होती आणि हळदीची जमिनीखाली. वाळवलेली हळद लोक पेवात साठवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, आतून लिंपलेलं कोठार. पोट एवढं मोठं की गाड्याच्या गाड्या रिकाम्या कराव्यात, आणि तोंड एवढं अरुंद की एका वेळी एकच माणूस कसाबसा आत जावा. वर दगडी झाकण, झाकणावर माती. आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची.

पण बंद पेवातली हवा जिवावर उठते. ती डोळ्यांना दिसत नाही. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. म्हणून गावाच्या पंचांनी जुन्या काळीच नियम घालून दिला होता. पेव उघडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच उघडं ठेवायचं. मग पेटता दिवा दोरीनं आत सोडायचा. दिवा विझला तर आणखी थांबायचं. तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा, तोही कमरेला दोर बांधून. शिवाय विहिरीत पडलेली घागर काढायचा लोखंडी गळ पेवाशेजारी हाताशी ठेवायचा.

नियम साऱ्या गावाला होता. पाळत होती गावातली एकच व्यापारीण. बाकीच्यांचा दिवा कधी घरी विसरलेला असायचा, कधी त्यातलं तेल संपलेलं असायचं.

खरं सांगायचं तर व्यापारीणही काही हौसेनं पाळत नव्हती. तिचे सासरे या बाबतीत भलते कडक. त्यांनी सुनेला हळदीची पारख शिकवली, माप शिकवलं, आणि त्याहून जास्त वेळा एकच गोष्ट ऐकवली, "पेवात आधी दिवा, मग माणूस." पुढे नवरा गेला, सासरेही गेले, धंदा तिच्या अंगावर पडला. दिवा सोडताना ती दर वेळी पुटपुटायची, "मामंजी गेले, पण हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेले."

शेजारचा व्यापारी तर तिची थट्टाच करायचा. "वहिनींचं पेव म्हणजे नवरदेव! दिव्यानं ओवाळून घेतल्याशिवाय ऐकत नाही."

त्या वर्षी हळदीला उठावच नव्हता. तिची पेवं तोंडापर्यंत भरलेली होती. दीर ओसरीवर बसून रोज ऐकवायचा, "पावसाच्या आत माल हलला नाही तर पेवं माझ्या ताब्यात द्यायची. तुम्ही आपली चूल सांभाळा." व्यापारीण रोज पेवांवरची माती चाचपून यायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

अशात एके दिवशी सकाळीच गावात बैलगाड्यांची रांग आली. परमुलखातला मोठा शेठ हळद घ्यायला आला होता. त्यानं तिच्याकडचा नमुना पाहिला, हळकुंड मोडून हुंगलं आणि खूश होऊन म्हणाला, "अख्खं एक पेव घेतो. पण बाई, गाड्या संध्याकाळी भरून निघाल्या पाहिजेत. बंदरात गलबत उभं आहे."

व्यापारिणीनं लगेच माती उकरून पेवाचं झाकण काढायला लावलं आणि सवयीनं दिवा सोडला. दिवा पेवाच्या गळ्यापर्यंत गेला न गेला तोच विझला.

"उद्या सकाळी," ती कसंबसं म्हणाली. "आज उतरता येणार नाही."

"एका दिव्यासाठी माझ्या गाड्या खोळंबणार?" शेठ हसला. "अहो, माल तर तोंडाशीच आहे. तुमचा गडी श्वास धरून उतरेल, दोन पोती भरेल, वर येईल."

तिचा गडी भैरू बाजूलाच उभा होता. सासऱ्यांच्या काळापासून तोच पेवात उतरायचा. त्यानं डोक्याचा पटका सोडून कमरेला आवळला आणि विचारलं, "उतरू का, आक्का?"

त्याच्या आवाजात भीती नव्हती, कुरकुर नव्हती. तो नाही म्हणाला असता तर तिला निदान भांडता आलं असतं. पण तो तिच्या एका शब्दावर उतरणार होता, कारण या घरानं दिवा विझला असताना त्याला कधी पेवात धाडलं नव्हतं. व्यापारिणीला ओसरीवरचा दीर आठवला. मग भैरूच्या घरची रांगती पोर आठवली.

"धरलेला श्वास सोडायचा कुठं, शेठ?" ती म्हणाली. "बांध तो पटका डोक्याला, भैरू. उद्या बघू."

शेठ उठला आणि शेजारच्या व्यापाऱ्याकडे गेला. गाड्याही त्याच्यामागे वळल्या. व्यापारीण उघड्या पेवाजवळ बसली आणि मेलेल्या सासऱ्यांना मनातल्या मनात नको नको ते बोलली.

शेजारचा व्यापारी काही दुष्ट नव्हता. त्याला घाई होती, एवढंच. त्यानं झाकण काढलं आणि लागलीच गड्याला उतरवलं. दिवा नाही, दोर नाही. थोड्याच वेळात तिकडून आरडाओरडा ऐकू आला. गडी आत गेला होता आणि ओ देत नव्हता.

व्यापारीण उठली, गळ उचलला आणि धावत सुटली. मागून भैरू दोर घेऊन धावला. तिथं दुसरा एक गडी मित्राला काढायला पेवात पाय सोडून बसलाच होता. तिनं त्याची बंडी धरून त्याला मागं खेचलं. "मागं हो! तू आत गेलास तर दोघांना काढावं लागेल."

भैरूनं पालथं पडून गळ आत सोडला. पेव भरलेलं असल्यामुळे माणूस तोंडापासून फार खाली नव्हता, हळदीच्या ढिगावरच आडवा पडला होता. गळ एकदा घसरला, दुसऱ्यांदा त्याच्या कमरेच्या पटक्यात अडकला. "ओढा!" भैरू ओरडला. सगळ्यांनी मिळून त्याला वर काढलं. अंग हळदीनं पिवळं, ओठ काळेनिळे. कुणी वारा घातला, कुणी छाती चोळली. आणि मग तो खोकला. त्या एका खोकल्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याची म्हातारी आई व्यापारिणीच्या पायावर पडायला आली. तिनं म्हातारीला वरच्या वर धरलं. "माझ्या नको, आजी. हा गळ माझा नव्हे, मामंजींचा." एवढं म्हणताना तिलाच रडू कोसळलं. ज्यांना सकाळी शिव्या घातल्या, त्यांचेच पाय आता तिला आठवत होते.

शेठ हे सगळं बघत होता. शेजाऱ्याच्या पेवात उतरायला आता कुणी गडी तयार होईना. गावातली बाकीची पेवं अजून मातीखालीच होती. सकाळपासून उघडं, हवा खात पडलेलं पेव एकच होतं, ज्याच्यावर तो हसला होता ते. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भैरूनं दिवा सोडला. सगळं गाव वाकून बघत होतं. दिवा खाली गेला, हळदीवर टेकला आणि तेवत राहिला. भैरूनं कमरेला दोर बांधला आणि हसत उतरला. मग जे झालं ते व्यापारिणीनं कधी मागितलं नव्हतं. शेजाऱ्याचे गडी न बोलावता आले. वाचलेल्या गड्याचे भाऊबंद आले. हातोहात पोती भरली गेली आणि उन्हं तापायच्या आत गाड्या जुंपून तयार झाल्या. एवढ्या झटपट पेव रिकामं झालेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. दीरही मुकाट्यानं पोती शिवायला बसला.

निघताना शेठ म्हणाला, "बाई, गलबत कदाचित गाठेन, कदाचित चुकेल. पण पुढच्या वर्षी मी थेट तुमच्याच दारी येणार. समोर आलेला सौदा जाताना बघूनही जी गड्याला उतरवत नाही, ती माझ्या पोत्यात ओली हळद काय घालणार?"

गलबत त्याला मिळालं. पण व्यापारिणीला ते फार पुढे कळलं.

संध्याकाळी शेजारचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. मान खाली होती. "वहिनी, थट्टा पुष्कळ केली. उद्या माझं दुसरं पेव उघडायचंय. तुमचा दिवा द्याल?"

"न्या की," ती म्हणाली. "गळही न्या. आणि परत आणायची घाई करू नका, मी दुसरा करून घेते."

पुढच्या हंगामात तिनं पहिलं पेव उघडलं तेव्हा वाचलेल्या गड्याची म्हातारी आई वाटीत तेल घेऊन आली. "दिव्याला," एवढंच म्हणाली. तिच्यामागे भैरूची बायको होती, तिच्याही हातात वाटी. मग एकेक करत साऱ्या गड्यांच्या घरच्या बायका आल्या. व्यापारिणीनं सगळ्यांचं थोडं थोडं तेल दिव्यात घेतलं, वात लावली आणि दोरी हातात धरली. त्या दिवशी ती पुटपुटली तेही पूर्वीपेक्षा वेगळं. "मामंजी," ती म्हणाली, "फार मोठं देणं देऊन गेलात."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जिवाची काळजी घेणारा नियम धंद्याच्या आड येत नाही, धंदा त्याच्याच भरवशावर उभा असतो. ज्यांनी तो घालून दिला, त्यांची आठवण संकट यायच्या आधीच ठेवावी.