उताण्यांची तळी

हीच ती तळी. वैशाखात आलात म्हणून तुम्हाला नुसता कातळातला खळगा दिसतोय. तळाला काळी माती, तीही तडकून खपल्या उचललेली. कडेकडेने चाला, मातीत पाय घालू नका. आमच्या उंबरघोळ गावचं लहान मूलही इथे पाय घालत नाही, आणि इथलं ढेकूळभरही कुणी खाली नेत नाही. मी खालच्या कुंभारवाडीतला. माझ्या आज्याने सांगितलं तसं सांगतो.

फार पूर्वी आमच्या वाडीत धाकू नावाचा कुंभार होता. त्याची बायको आवडी. धाकू चाकावर बसायचा. माती भिजवणं, तुडवणं हे आवडीचं काम. चार वाड्यांच्या घागरी या एका घरातून जायच्या. माती खाडीकाठच्या शेतातली. एका वर्षी उधाणाने खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. त्यानंतर त्या मातीची भांडी भाजून निघाली की दोन दिवसांत पोपडे धरून फुटायची. चैत्र आला. झरा लांब, आणि बायकांच्या डोक्यावर राळेने सांधलेल्या घागरी. गावाचा मुख्य, भिकाजी गावकर, धाकूच्या अंगणात येऊन सांगून गेला, की वैशाख लागायच्या आत साठ घागरी हव्यात. नाहीतर पाणी आणायचं कशातून?

तेव्हा धाकूला सड्यावरची, या कातळाच्या माळावरची, ही तळी आठवली. लोण्यासारखी माती, एक खडा नाही. नवरा-बायकोने पाच दिवस डोक्यावरून पाट्या वाहिल्या. कार्तिकापासून उन्हात भाजलेली माती ती. चुरली तर पिठासारखी उडायची. हौदात घालून त्यांनी वर झऱ्याचं पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवडी तुडवायला गेली. तिने पदर खोचला, एक पाय उचलला आणि तो तसाच राहिला, असं सांगतात. मातीवर वीतभर पाणी साचलं होतं आणि त्यात काहीतरी हलत होतं. तिळाएवढे, काचेसारखे जीव. पाठ खाली, पाय वर, असे पोहत होते. तिने ते ओळखले. पावसाळ्यात तळी भरली की हेच दिसतात. आम्ही त्यांना उताणे म्हणतो. तोवर सगळ्यांचा समज होता, की ते पावसाबरोबर आभाळातून पडतात. पण चैत्रात पाऊस कुठला? तिने घरात जाऊन रांजण पाहिला. त्यात त्याच झऱ्याचं पाणी होतं, पण ते नितळ होतं. म्हणजे आले ते मातीतूनच.

धाकूने तिला समजावून पाहिलं. माती म्हटली की किडा-मुंगी आलीच, म्हणाला. आजवर तुडवलीच की आपण. शिवाय लोक घागरींची वाट पाहतायत.

"किडा मी ओळखते," आवडी म्हणाली. "ही माती मी माझ्या डोक्यावरून आणली. तिच्यात जीव नव्हता. तो कुठून आला ते कळेपर्यंत माझा पाय पडणार नाही."

धाकूने स्वतःच तुडवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. तो हौदाच्या काठापर्यंत गेलाही. पण वाकून पाहिलं आणि मागे फिरला.

दुपारपर्यंत वाडी गोळा झाली. कुणी म्हणे, हे नुसतं पाणी आंबलंय. कुणी म्हणे, हलतं ते सगळं जिवंत नसतं. वाफही हलते, आणि विस्तव तर खातो, वाढतोही, म्हणून त्याला कुणी जिवंत म्हणतं का? भिकाजी सगळ्यांचं ऐकून घेत होता. त्याच्यापुढे तहानलेल्या चार वाड्या होत्या. शेवटी त्याने गोदू सुइणीला बोलवायला सांगितलं. जीव आहे की नाही, हे त्या गावात तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

गोदू आली, हौदाच्या काठी पाट मांडून बसली. आधी तिने पाण्यावर नुसता हात धरला. हाताची सावली पडली तिथून सगळे उताणे झरकन उजेडाकडे सरकले. तिने मान हलवली. पुढचे नऊ-दहा दिवस ती रोज यायची. त्यांचे पाय सारखे हलताना आणि गढूळ पाणी हळूहळू निवळताना तिने पाहिलं. त्यांच्या मागे दोऱ्यासारखी विष्ठा सुटायची. तिळाएवढे होते ते तांदळाएवढे झाले, मग तांदळाहून लांब. काही मेले आणि तळाशी गेले. आणि एके सकाळी काहींच्या शेपटीपाशी तिला बारीक पिशवी दिसली, अंड्यांनी भरलेली. तेव्हा तिने गावाला बोलावलं.

"विस्तव खातो, वाढतो, ते खरं," ती म्हणाली. "पण विस्तव सावलीला बिचकत नाही, आणि स्वतःच्या पोटात दुसरा विस्तव धरत नाही. ही खातात, हागतात, वाढतात, बिचकतात, मरतात, आणि मरायच्या आधी पोटात दुसरी धरतात. बाळंतिणीच्या खोलीत मी याहून वेगळं काय पाहते?"

भिकाजीने विचारलं, की मग कोरड्या मातीत मेलेलं होतं ते उठलं कसं?

"मेलेलं नव्हतं. काही पोरं जन्मली की रडत नाहीत. निळी पडलेली असतात, हाताला थंड लागतात. घरचे आक्रोश करतात. मी चोळते, ऊब देते आणि वाट बघते. सगळीच उठतात असं नाही. पण जी उठतात, ती मेलेली नव्हती. थांबलेली होती. या मातीत यांची अंडी थांबली होती."

जमलेल्यांत अशा पोरांच्या आया होत्या. त्यांच्यापैकी एकीने जाऊन घरून तांब्याभर पाणी आणलं आणि हौदात ओतलं. उन्हाने हौद आटत चालला होता. मग भिकाजीने ठरवून टाकलं, की उताण्यांची अंडी तळाशी पडेपर्यंत हौद आटू द्यायचा नाही. रोज घरटी एक तांब्या, पहिला त्याच्या घरचा. झरा लांब असताना हे सोपं नव्हतं. कुरकुर झाली, पण पाणी आलं.

आणि घागरी? बायकांनी महिनाभर बांबूच्या नळ्यांतून आणि सुक्या भोपळ्याच्या तुंब्यांतून पाणी वाहिलं. धाकू होडीने खाडीच्या पलीकडच्या काठी गेला, तिथल्या कुंभारांकडे माती मागायला. त्यांनी कारण विचारलं, त्याने खरं सांगितलं. ते पोट धरून हसले म्हणे, पण दोन होड्या भरून माती दिली, आणि एकजण मदतीला म्हणून स्वतः आला. साठ नाही, चाळीस घागरी झाल्या. त्या पुरवून पुरवून वापरल्या, आणि कुणी तहानेने मेलं नाही.

उताणे आपलं आयुष्य संपवून एकेक करून गेले. मग हौद आटू दिला. माती वाळली, पुन्हा पिठासारखी झाली. ती पाट्यांत भरून चारी वाड्यांची माणसं हा चढ चढली आणि जिथली तिथे ठेवून गेली. आषाढात तळी भरली. तिसऱ्या दिवशी आवडी वर आली. तिच्या आधीच दहा-बाराजण काठावर बसलेले होते. पाण्यात उताणे पोहत होते. आवडी दुपारपर्यंत तिथेच बसली, चूल पेटवायची आठवणही तिला झाली नाही. कुणीतरी तिला विचारलं, की बाई, मग जगातला पहिला जीव कसा आला असेल गं?

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "पण तेव्हाही माती भिजली असणार. आणि कुणी ती लगेच तुडवली नसणार."

आजही आमच्या वाडीत कुणी भिजवलेल्या मातीला तीन दिवस हात लावत नाही. माती कुठूनही येवो, ट्रकने विकत आणलेली का असेना. विजेवरचं चाक आलं तरी हे सुटलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी घरातली बाई हौदावर वाकते, पाण्यावर हाताची सावली धरते आणि पाहते. काही हललं नाही, तर पाय घालते. माझ्या सुनेने परवाच माती भिजवलीय, उद्या सकाळी ती बघेल. मुक्काम करणार असाल तर या.