शिजलेले बी

सह्याद्रीच्या माथ्यावर हिरडेमाळ नावाचे गाव आहे. खाली देशावर उन्हे तापू लागली, तरी इथे फाल्गुनातही पहाटे गवतावर पांढरे, गोठलेले दहिवर पडलेले असते. एके वर्षी कंबळनाथ महाराज या गावाबाहेरच्या मठीत उतरले होते. अंगावर एक कांबळे, तेवढाच त्यांचा संसार.

गावात ठकूबाई नावाची माळीण होती. घरामागचे परडे आणि सासूने जाताना हाती दिलेले दुधीचे वाण, एवढेच तिचे धन. वैशाखी पौर्णिमेच्या उत्सवात तिच्याच दुधीची खीर साऱ्या गावाला वाढली जाई. त्या वर्षी उंदरांनी बी खाल्ले आणि जेमतेम मूठभर उरले. ते गेले तर वाण कायमचे बुडणार, हे ती जाणून होती.

थंड मातीत दुधीचे बी कुजते. म्हणून हिरडेमाळच्या बायका ते भिजवून लोकरीच्या चिंधीत बांधतात आणि पुरचुंडी शेणखताच्या ढिगात, अगदी वरच्या थरात ठेवतात. तिथल्या उबेने मोड आले, की होळीनंतर लावतात. ठकूबाईची गाय एकच, त्यामुळे तिचा ढीग गार. ती गोठाभर गुरे असलेल्या रखमाजी मोकाशींकडे गेली. मोकाशींचा ढीग पुरुषभर उंच होता, आणि त्यांचा ताठा त्याहूनही उंच.

"ठेव की," मोकाशी हसले. "पण ऊठसूट महाराजांचं नाव घेतीस, मग ऊब त्यांच्याकडंच का मागत न्हाईस?"

"देवानं ती तुमच्या ढिगाला दिलीया, दादा," ठकूबाई म्हणाली, आणि पुरचुंडी ठेवून घरी गेली.

तिची पाठ वळताच मोकाशींनी काठीने ती पुरचुंडी ढिगाच्या पोटात ढकलली. तिथे हात घातला तर पोळावा, अशी धग होती. त्यांना ती गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ठकूबाईने मोठ्या मुश्किलीने पुरचुंडी शोधून काढली. एक बी सोलून पाहिले, तर आतला गर शिजून लगदा झाला होता.

"आता हेच वाढ तुझ्या महाराजांना," मोकाशी चारचौघांत म्हणाले. लोक हसले.

ठकूबाई रडत मठीत आली. महाराजांनी पुरचुंडी घेतली, कांबळ्याआड छातीशी धरली आणि विचारले, "आळी खणलीस का, बाई?"

"बी शिजलंय, महाराज."

"बियाचं मी विचारलंच नाही. आळी खण आणि होळीला ये."

मेलेल्या बियासाठी आळी खणायची! तरी ठकूबाईने आज्ञा शिरावर घेतली. पाच दिवस तिने माती खणली, ढेकळे फोडली, राख आणि कुजके खत कालवले, रात्रीच्या गारठ्यात झाकायला गवत कापून ठेवले. बांधावरचे हसू तिला ऐकू येत होते आणि फार लागतही होते. पण हातातली कुदळ थांबली नाही.

इकडे मोकाशींना घाई. आपला वेल सर्वांआधी मांडवावर चढावा म्हणून त्यांनी घरात वाढवलेली दुधीची सगळी रोपे होळीआधीच उघड्यावर लावली. होळीच्या पहाटे दहिवर पडले आणि एकूण एक रोप काळे पडले. घरात बी उरले नव्हते. तशाही स्थितीत ठकूबाईची फजिती पाहायला ते मठीत आलेच.

महाराज पाच दिवस जागचे हलले नव्हते. सर्वांसमोर त्यांनी पुरचुंडी सोडली. प्रत्येक बियाला पांढराशुभ्र मोड फुटला होता! ती ठकूबाईच्या ओंजळीत देताना महाराजांच्या खांद्यावरचे कांबळे घसरले. छातीवर, पुरचुंडीएवढ्या जागेत, कातडी भाजून फोड आले होते.

ते कशाचे, हे कुणाला कळेना. मोकाशींना मात्र कळले. ढिगाच्या पोटातली ती धग त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

"पुरचुंडी मी आत ढकलली," ते कसेबसे म्हणाले.

"ठाऊक हाय, दादा," ठकूबाई म्हणाली. "मी वरच ठेवली हुती."

तिने महाराजांकडे पाहिले. महाराज म्हणाले, "बी तुझं, बाई. तू ठरव."

ठकूबाईने अर्धे बी मोकाशींच्या तळहातावर ठेवले. "हळू धरा. मोड नाजूक असत्यात. आणि दहिवर थांबल्याबिगर लावू नका."

मोकाशींनी ते बी कपाळाला लावले. मग त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवले, आणि तिथून उठून ठकूबाईच्या मातीने भरलेल्या पायांवर.