पाळकीणबाईंची प्रार्थना

“…मग माझी चूक कुठे झाली, तेवढं सांगा ना, आबा!”

आमोस तिसऱ्यांदा विचारत होता. चार वर्षं परदेशात ईश्वरज्ञान शिकून तो नाताळच्या आधी परतला होता. तोवर सलोमीनं, त्याच्या बायकोनं, लेकीला एकटीनं वाढवलं. आणि आता महिना झाला, लेकीला घेऊन ती जालन्याला माहेरी निघून गेली होती.

दाविद आबा चर्चचे निवृत्त पाळक. आमोसचं लग्न त्यांनीच लावलेलं. ओसरीवर बसून ते मेथी निवडत होते.

“दारू पितोस?”

“आबा!”

“हात उचललास?”

“कधीच नाही.”

“घरात प्रार्थना?”

आमोस ताठ बसला. “रोज संध्याकाळी. अर्धा तास. एक दिवस चुकलेला नाही. पुरुषानं आपल्या घराचा याजक होऊन घरच्यांसाठी प्रार्थना करावी, हे मी मंडळीत नुसतं शिकवत नाही, आबा. मी ते जगतो.”

“प्रार्थना कोण करतं?”

“मी.”

“सलोमी?”

“आमेन म्हणते.”

“आणि लेकरू?”

“झोपतं. मी उठवतो.”

“मग प्रभू एकटाच जागा राहत असेल बिचारा.”

आमोस हसला नाही.

“जाताना कारण सांगितलं तिनं?”

“सांगत होती. मी म्हटलं, आधी प्रार्थना करू.”

“मग?”

“आमेन म्हणून डोळे उघडले, तर… बॅग भरून दारात उभी होती.”

आबांचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

“उद्या मी जालन्याला जातोय,” आमोस म्हणाला. “तुम्ही बरोबर चला. तुमचं ती ऐकेल. नाही आली, तर माझं घर संपलं, आबा.”

आबा उठले. “संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली. आत ये.”

आत खाटेवर पाळकीणबाई, आबांच्या पत्नी, उशीला टेकून बसल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही.

आबांनी त्यांच्या डोक्यावर पदर ओढून दिला. शेजारी बसले. डोळे मिटले.

आणि काहीच बोलले नाहीत.

आमोसनं वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. वयामुळे विसरले असतील, असं वाटून त्यानं घसा साफ केला.

“हे दयाळू पित्या, या घरावर तुझी…”

आबांनी डोळे न उघडता त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताला मेथीचा वास येत होता.



मग बाईंचे ओठ हलले.

“ब… ब्बा… ब…”

आवाज चढत गेला. कपाळावर घाम आला. बाई काहीतरी मागत होत्या, अगदी नेटानं, पुन्हा पुन्हा. आबा त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते.

हळूहळू आवाज थांबला.

“आमेन,” आबा म्हणाले.

आमोसनं दबक्या आवाजात विचारलं, “काय मागितलं बाईंनी?”

“कळत नाही.” आबांनी बायकोच्या हनुवटीवरची लाळ रुमालानं टिपली. “आठ महिने रोज ऐकतोय… कळत नाही.”

“आधी काय मागायच्या?”

आबा बाईंकडे बघत राहिले.

“एकेचाळीस वर्षं या घरात मीच प्रार्थना केली, बाबा. लोक म्हणायचे, फार सुंदर करता…”

बाईंनी डावा हात उचलून आबांच्या गुडघ्यावर ठेवला.

आमोस म्हणाला, “उद्या गेल्यावर… तिला काय बोलू मी, आबा?”

“जालन्याची आजची गाडी साडेसातला फाट्यावर येते,” आबा म्हणाले. “आत्ता धावलास तर मिळेल.”