बिघाड तिथं लाल बाण

एका गावात एक भोळा गेनू होता. एकच होता, हे गावाचं नशीब. स्वभावानं सोनं. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तस्सं करायचा, तिथंच सगळी पंचाईत व्हायची.

गेनूला माळ्यावर आजोबांचा लाकडी रेडिओ सापडला. मुका होता बिचारा. मोबाइलवर 'रेडिओ कट्टा' म्हणून हौशी मंडळींचा अड्डा होता. आपण बिघडलेल्या रेडिओचा फोटो टाकायचा, जाणकार उपाय सांगायचे. तिथलं जुनं खोड म्हणजे नेनेकाका. गेनूनं माळ्यावरच फोटो काढला आणि टाकला.

काकांनी लिहिलं, "यात रेडिओ कुठला आणि अंधार कुठला? फोटो नेहमी उजेडात काढावा."

"नेहमी उजेडात," गेनूनं मनाशी गाठ मारली.

मग काकांनी विचारलं, "आतले दिवे पेटतात का? फोटो दाखवा."

गेनूनं लांबलचक वायर जोडली, रेडिओ गच्चीवर नेला आणि भर दुपारी फोटो काढला. फोटोत ऊन तेवढं दिसलं.

"अहो, मिणमिणता दिवा उन्हात दिसेल का? दारं-खिडक्या लावा, घरातले दिवे घालवा, मग काढा!"

"दिवे घालवून," गेनू म्हणाला. "आधीच सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं. फोटो काढायला गेनूला बोलावलं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली मात्र, गेनूनं दारं लावली, खिडक्या लावल्या, दिवे घालवले. एकच गोंधळ! अंधारात आत्यानं नाव सांगितलं ते बाळाच्या आजोबांच्या कानात. पोरीबाळींनी आजोबांच्याच पाठीत धपाटे घातले. म्हातारा आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

घरी आल्यावर आई कडाडली, "गेन्या, अरे कर्मा! फोटोत तोंड दिसायला नको? पुढनं काढावा, चांगला उजेडात, नटवून-सजवून!"

"पुढनं. नटवून," गेनू म्हणाला.

इकडे नेनेकाकांना रेडिओच्या आतल्या तारा बघायच्या होत्या. गेनूनं रेडिओ पुसला, हार घातला, कुंकू लावलं आणि पुढनं फोटो काढला. फोटो बघून कट्ट्यावर दोघांनी हात जोडले. त्यांना वाटलं, रेडिओ गेला.

काकांनी कपाळावर हात मारला असणार. पण माणूस चिवट. त्यांनी लिहिलं, "गेनूभाऊ, तोंड घेऊन काय करू? पाठ दाखवा, पाठ! पलीकडं पांढरी चादर धरा, म्हणजे पसारा दिसत नाही. शेजारी टेप ठेवा, म्हणजे माप कळतं. बिघाड असेल तिथं लाल बाण काढा आणि काय होतंय ते लिहा. काहीही लपवू नका."

गेनूनं सगळं केलं. सुटलेली तार काकांना लगेच दिसली. गेनूनं ती जोडली. रेडिओ खोकला, खाकरला आणि गायला लागला.

"वा!" काकांनी लिहिलं. "याला म्हणतात फोटो. इथून पुढं तुमचा प्रत्येक फोटो असाच पाहिजे."

गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी 'वा' म्हटलं होतं.

आता गेनूला एक धाकटी बहीण होती, वैजू. शेजारच्या गावात प्रल्हाद नावाचा रोपवाटिकावाला होता, त्याच्यावर वैजूचा जीव जडला होता. त्याचाही हिच्यावर. पण त्याच्या घरात आत्याबाईंच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं. आत्याबाईंनी आजवर आलेली सगळी स्थळं नाक मुरडून परत पाठवली होती. त्यांनी निरोप धाडला, आधी मुलीचा फोटो पाठवा.

"दादा, माझं सगळं या एका फोटोवर आहे रे," वैजू म्हणाली. "नीट काढशील ना?"

"अगदी शिकलोय तस्सा काढतो," गेनू म्हणाला.

वैजूनं जांभळी साडी नेसली, गजरा माळला. गेनूनं तिला पाटावर बसवलं. तोंड भिंतीकडं.

"दादा, पाठ कशाला?"

"गप. जाणकारांनी सांगितलंय."

भिंतीवर पांढरी चादर लावली. वेणीशेजारी टेप सोडला. फोटो काढला, बाण काढले आणि थेट आत्याबाईंना पाठवूनही दिला.

मग वैजूनं बघितला. डोक्याकडं लाल बाण: 'इथून पहाटे खरखर येते.' कानाकडं बाण: 'तीनदा हाक मारल्याशिवाय चालू होत नाही.' खाली मोठ्या अक्षरांत: 'लवकर तापते. थंड व्हायला वेळ लागतो.'

वैजू मटकन खाली बसली. "दादा, वाटोळं केलंस रे माझं!" म्हणून हमसून हमसून रडली. आई लाटणं शोधायला स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात मोबाइल वाजला.

आत्याबाईंनी लिहिलं होतं, 'आजवर सगळ्यांनी नुसते गुण सांगितले. खोड आधी सांगणारं हे पहिलंच घर. मुलगी पसंत. तोंड लग्नात बघू. आता आमचंही बघून घ्या.' सोबत प्रल्हादचा फोटो होता. पाठमोरा. टाळूकडं लाल बाण: 'पीक विरळ होत चाललंय.'

रडता रडता वैजूला असं हसू फुटलं की गजरा सुटून खाली पडला.

लग्नात आईनं गेनूचा मोबाइल काढून घेतला. "आज फोटोला हात लावशील तर याद राख!" गेनूनं हात लावला नाही. पण मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यानं पाहिलं, दोघंजण नवरा-नवरीच्या मधोमध पांढरं कापड धरून उभे! गेनूला राहवेना. "अहो, मधे काय धरताय? पलीकडं धरतात!" म्हणून त्यानं अंतरपाट ओढला आणि वैजूच्या मागं धरला.

मुहूर्ताला अजून दोन मंगलाष्टकं बाकी होती. "सावधान!" भटजी ओरडले. इतक्या मनापासून ते आजवर कधी म्हणाले नव्हते. लोकांना वाटलं, झालं. अक्षता पडल्या, बँड वाजला. वैजूनं पटकन हार घालून टाकला. दादाचा काय भरवसा?

पाया पडायला वाकलेल्या वैजूचं तोंड आत्याबाईंनी वर उचललं, डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाचा फोटो छान होता गं. फक्त बाण चुकला. तो तुझ्या डोक्याकडं नको होता. फोटो काढणाऱ्याच्या डोक्याकडं हवा होता."

सगळा मांडव हसला. गेनू हसला नाही. चुकलं म्हणजे दुरुस्त करायला हवं.

संध्याकाळी मोबाइल परत मिळाला आणि कट्ट्यावर नवा फोटो आला. पांढरी चादर, शेजारी टेप, पाठमोरा गेनू. डोक्याकडं मोठा लाल बाण आणि खाली लिहिलेलं: 'बिघाड इथं आहे. पाठीमागून उघडायला स्क्रू सापडत नाही. उपाय सांगा.'

नेनेकाकांचं उत्तर लगेच आलं. "उपाय नाही. पण फोटो एक नंबर. एवढा अचूक बाण आजवर कुणीच काढला नव्हता."

गेनू दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा हसला.