बर्फावरचा गोलरक्षक

"मेमे, सुटलेला गोल माणसाला किती दिवस दिसत राहतो?"

लेहजवळच्या गोठलेल्या तळ्यावर म्हातारा झाडू मारत राहिला. नाव स्तान्झिन. तरुणपणी त्यानं याच तळ्यावर आइस हॉकीचा गोल राखला होता. आता तळ्याचा बर्फ राखत होता. सगळे त्याला मेमे म्हणत, म्हणजे आजोबा.

विचारणारा हणमंत शेलार, माण तालुक्यातला. फौजेत असताना गस्तीवर सुरुंग फुटला आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले. दोन वर्षं तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग एका जुन्या सोबत्यानं त्याला इथं आणलं. मेमेनं त्याला पात्यांवर घसरणाऱ्या बसक्या स्लेजमध्ये पट्ट्यांनी आवळलं, गोलापुढं बसवलं, आणि पहिल्याच दिवशी रबरी चकती त्याच्या छातीवर हाणली.

"लागलं?"

"हो."

"मग अडव."

अकरा हिवाळे तो अडवत राहिला. संघातली पोरं म्हणायची, शेलारदादा मागं असले की वळून बघावं लागत नाही. ते ऐकून त्याची मान ताठ व्हायची. घरी मात्र लेक भेटायला आली तरी तो दारातच विचारी, "काय काम काढलंस?"

या हिवाळ्यात परदेशातल्या शेवटच्या सामन्यात आठ सेकंद उरले होते. चकती त्याच्या उजव्या काखेखालून गोलात गेली. खांद्याचा स्नायू आधीच फाटला होता. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा आपटलात तर हा हात उचलणार नाही. हातच तर त्याचे पाय होते.

संघ निवडणाऱ्यांच्या नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

"मला पट्टे बांधा," तो म्हणाला. "एकदाच. आणि मग सांगा त्यांना, शेलार संपलेला नाही म्हणून."

म्हाताऱ्यानं पट्टे बांधले.

मग हणमंताला गोलापुढं नेऊन बसवलं. आणि गोलाची चौकट जाळीसकट ओढत नेऊन काठावर टाकली.

"मेमे, मागं गोलच नाही."

"नाही."

"मग राखू काय?"

मेमे दहा पावलं लांब गेला. हॉकीची काठी टेकवली आणि चकती सरकवली. हलकेच. लहान मुलाकडं चेंडू सोडावा तशी.

हणमंताला ती दिसत होती. संथ येत होती. नुसता हात पुढं केला असता तरी तळव्याशी येऊन थांबली असती. पण अंग त्याला विचारायला थांबलंच नाही. सगळा भार टाकून तो उजवीकडं झेपावला. खांद्यात काहीतरी तुटलं. तो आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला.

बर्फावर गाल टेकून तो पडून राहिला. उजवा हात अंगाखाली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. चकती छातीशी दाबलेली.

"अडवली," तो दात आवळून म्हणाला. "बघितलंत ना? अडवली!"

मेमे आला, शेजारी बसला. पट्टे सोडले. आपला कोट काढून त्याच्या पाठीवर घातला.

"बोला की, मेमे..."

"ती मारली नव्हती, हणमंता... तुला दिली होती."