जुन्या सुराचा अँप्लिफायर

फार पूर्वी एका स्टुडिओत एक म्हातारा अँप्लिफायर होता. त्याच्या फाटक्या स्पीकरच्या खरखरीत सुराने कितीतरी गाणी गाजली होती. पुढे स्पीकर बदलला आणि तो सूर हरवला. गिटारवादक दमयंतीबाईंना नेमका तोच हवा होता. अँप्लिफायर जीव तोडून ओरडला, पण नुसता गोंगाट झाला.

“आता मला भंगारात काढणार,” तो पुटपुटला.

“दादा, एकट्यानं कशाला झटता?” गिटार म्हणाली. “मी हलक्या हातानं तार छेडते.”

“खरखर माझ्याकडे,” दमयंतीबाईंच्या पायाशी पडलेलं, गिटारचा सूर खरखरीत करणारं पेडल म्हणालं. “तुम्ही फक्त सुराला ऊब द्या.”

बिचकतच त्याने आवाज उतरवला. तिघे एकत्र वाजले.

“हाच तो!” दमयंतीबाई डोळे मिटून म्हणाल्या.

अँप्लिफायरचा जीव भांड्यात पडला. “पुन्हा एकदा वाजवू या का?” त्याने दोघांना विचारलं.